मदरबोर्ड गेला, डिस्क उरली: बाह्य ड्राइव्हवरची जुनी विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवण्याचे एक प्रकरण

पुण्याच्या पेठांमधील एका लहान मुद्रणालयात २००३ पासूनची बहुतेक सर्व अक्षरजुळणी पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये झालेली आहे. दिवाळी अंकांची पाने, संस्थांच्या स्मरणिका, कवितासंग्रह, दोन-तीन लेखकांची पुस्तके असा तो साठा आहे. ज्या संगणकावर हे काम चाले त्यावर ३२ बिटची विंडोज ७ होती. एके दिवशी त्याचा मदरबोर्ड निकामी झाला. त्या जातीचा बोर्ड बाजारात मिळेना, परंतु आतील ५०० जीबीची हार्ड डिस्क वाचता येत होती. एका पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती, दिवाळी अंकाचा हंगाम तोंडावर होता आणि अनेक वर्षे हे काम करणाऱ्या डीटीपी ऑपरेटर ताई आता साताऱ्यात राहत होत्या. मालकांची मागणी साधी होती: जुनी डिस्क यूएसबी डॉकमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून जोडण्याच्या बैठकीत, घालावी, नव्या लॅपटॉपला जोडावी आणि तीच विंडोज, त्याच फाइलींसह, एखाद्या खिडकीत चालू व्हावी, म्हणजे ती डिस्क पुण्यात आणि साताऱ्यात दोन्हीकडे वापरता येईल.

ही मागणी पूर्ण करता आली, मात्र ज्या स्वरूपात ती केली होती त्या स्वरूपात नव्हे. तसे का झाले, हा या लेखाचा विषय आहे.

फाइली नव्या संगणकावर उचलून का नेल्या नाहीत, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. पेजमेकरची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी आजची पद्धत, कळत नाही. त्या काळातील मराठी अक्षरजुळणी आठ बिटी फाँटांवर चाले. त्यात 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेले चित्र असे, आणि प्रत्येक कंपनीची ही बैठक वेगळी. फाँट नसेल तर पानावर निरर्थक रोमन चिन्हे उरतात. येथील फाँट आणि कळफलक ज्या सॉफ्टवेअरबरोबर आले होते, ते यूएसबी डाँगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण, जोडल्याशिवाय उघडत नाही. त्या डाँगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचा कर्नल ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात बसून उपकरण चालवणारा प्रोग्राम, चढत नाही. याला कोणतीही सुसंगततेची सेटिंग उपयोगी पडत नाही, कारण ही अडचण प्रोग्रामच्या पातळीवरची नाही, कर्नलच्या पातळीवरची आहे. म्हणून जुनी ३२ बिटची विंडोज कोठेतरी जिवंत ठेवणे भाग होते.

ती बाह्य डिस्कवरून थेट का सुरू केली नाही, हेही विचारले गेले. विंडोज ७ यूएसबी डिस्कवरून सुरू होण्यासाठी बांधलेली नाही. सुरू होताना ती यूएसबीची यंत्रणा नव्याने उभी करते; त्या क्षणी तिची स्वतःची डिस्क तिच्या हातून सुटते आणि निळा पडदा येतो. यूएसबीवरून चालण्याची अधिकृत सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीत 'विंडोज टू गो' या नावाने आणली आणि विंडोज १० च्या '२००४' या क्रमांकाच्या आवृत्तीत (हे वर्ष नव्हे) ती काढून टाकली. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे खऱ्या संगणकात (होस्ट) सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकात (गेस्ट), मात्र हा अडथळा उरत नाही. डिस्क होस्टला यूएसबीने जोडलेली असली तरी गेस्टला ती साध्या साटा, म्हणजे संगणकाच्या आत जोडलेल्या, डिस्कच्या रूपात दाखवता येते. आतल्या विंडोजला आपण एका केबलवर लोंबकळत आहोत याची जाणीवही नसते. ही जाणीव नसणे सोयीचे आहे आणि धोक्याचेही; त्याचा धोका पुढे साताऱ्यात दिसला.

डॉकने दाखवलेली खोटी रिकामी डिस्क

आमच्याकडे प्रकरण येण्यापूर्वी जवळच्या एका तंत्रज्ञाने विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपला डॉक जोडून पाहिला होता. विंडोजने डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल अशी सूचना दाखवली. त्यांनी ती नाकारली आणि डिस्क मिटली असावी असे मालकांना सांगितले. फॉरमॅटला दिलेला तो नकार हीच या सर्व प्रकरणातील सर्वांत मोलाची कृती ठरली.

डिस्क मिटलेली नव्हती. लिनक्सवर त्याच डॉकमधून पाहिले तेव्हा डिस्कचा तार्किक सेक्टर, म्हणजे डिस्क मोजण्याचा सर्वांत लहान तुकडा, ४०९६ बाइटचा दिसत होता. काही डॉक आणि एनक्लोजर (डिस्कची बाह्य डबी), दोन टीबीपेक्षा मोठ्या डिस्कांना जुन्या पद्धतीचे पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कोठे सुरू होतात याची यादी, चालावे म्हणून, मधल्या चिपमध्ये ५१२ बाइटचे आठ सेक्टर एकत्र करून ४०९६ चा एक सेक्टर दाखवतात. काही चिप तसे लहान डिस्कांच्या बाबतीतही करतात. आता पार्टिशन टेबलमध्ये अंतरे बाइटमध्ये लिहिलेली नसतात, सेक्टरच्या संख्येत लिहिलेली असतात. विंडोज ७ च्या नेहमीच्या मांडणीप्रमाणे येथे पहिले, १०० एमबीचे, आरक्षित पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून आणि मुख्य पार्टिशन २०६८४८ व्या सेक्टरपासून सुरू होत होते. ५१२ च्या मापाने २०४८ वा सेक्टर म्हणजे १ एमबीचे अंतर; ४०९६ च्या मापाने तोच ८ एमबीवर जातो. मुख्य पार्टिशन १०१ एमबीऐवजी ८०८ एमबीवर शोधले जाते आणि त्याची लांबी डिस्कच्या टोकाबाहेर जाते. तेथे एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमची, खूण सापडणार नाही हे उघड आहे. डेटा जागच्या जागी होता, फक्त मोजपट्टी बदलली होती.

खात्री करण्याचा मार्गही याच आकड्यांतून मिळाला. ५०० जीबीच्या या डिस्कवर ५१२ बाइटचे ९७,६७,७३,१६८ सेक्टर आहेत. डॉक १२,२०,९६,६४६ सांगत होता, म्हणजे बरोबर एक-आठवा भाग. दुसऱ्या, साध्या एनक्लोजरमध्ये डिस्क घातल्यावर दोन्ही पार्टिशन नीट दिसली. बाह्य डिस्क 'रिकामी' किंवा 'अनोळखी' दिसली की पहिली शंका मधल्या चिपची घ्यावी, आणि डिस्क आरंभित करण्याचे किंवा फॉरमॅटचे कोणतेही बटण तोवर दाबू नये, हे मी येथे मुद्दाम ठासून सांगतो, कारण असे बटण दाबल्यामुळे गेलेली कामे मी पाहिली आहेत.

आधी प्रत, मग प्रयोग

व्हर्च्युअल मशीनला खरी डिस्क थेट देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये खऱ्या डिस्ककडे बोट दाखवणारी एक लहान व्हीएमडीके फाइल बनवता येते. लिनक्सवर क्यूईएमयू आणि केव्हीएम या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या साधनांना डिस्कचे उपकरण-नाव सरळ देता येते. येथे मोह होता तो हाच: दहा मिनिटांत विंडोज उघडून दाखवावी. आम्ही तसे केले नाही. जुना संगणक काम चालू असतानाच बंद पडला होता, त्यामुळे एनटीएफएसवर 'अर्धवट' अशी नोंद राहिलेली असणार आणि विंडोज सुरू होताच चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय, चालणार, हे आधीच कळत होते. चेकडिस्क वाचते तशी लिहितेही. ज्या डिस्कच्या प्रकृतीची खात्री नाही तिच्यावर तिला मोकळे सोडणे म्हणजे एकमेव मूळ प्रतीवर दुरुस्तीचा प्रयोग करणे होय.

स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदी, यूएसबीमधूनही वाचता येतात, फक्त वाचणाऱ्या साधनाला साटा ते यूएसबी रूपांतराचा प्रकार सांगावा लागतो. येथे बदललेले सेक्टर शून्य होते, परंतु 'प्रलंबित', म्हणजे वाचताना अडखळणारे, काही सेक्टर होते. तेवढे कारण पुरेसे होते. होस्टवर बाह्य डिस्क आपोआप माउंट होणे, म्हणजे फाइली वापरण्यासाठी खुली होणे, बंद केले, डिस्क केवळ वाचण्यापुरती खुली ठेवण्याची आज्ञा दिली आणि ग्नू डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रतिमा एका आंतरिक एसएसडीवर घेतली. डीडीरेस्क्यू आधी सुरळीत वाचता येणारा सर्व भाग उचलते, अडणारे भाग मागे ठेवते, आणि काय झाले व काय राहिले याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवते; त्यामुळे मध्येच थांबवून पुन्हा तेथूनच सुरू करता येते. यूएसबी ३ मधून अशा डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास धरला तर पूर्ण प्रतीला सुमारे दीड तास लागतो. तेच यूएसबी २ च्या पोर्टवर केले तर चार तास लागतात, आणि आजारी डिस्कला चार तास फिरवणे टाळता येत असेल तर टाळावे.

थोडे सेक्टर शेवटपर्यंत वाचता आले नाहीत. ते कोणत्या फाइलींत पडतात हे एनटीएफएस-३जी या लिनक्सवरील ड्रायव्हरबरोबर येणाऱ्या एका साधनाने शोधता येते. येथे ते मोकळ्या जागेत आणि एका मदत-फाइलीत पडले होते. पेजमेकरच्या फाइली आणि फाँट यांना धक्का नव्हता. मूळ डिस्क तेव्हा बाजूला काढली ती काढलीच.

त्या प्रतिमेवरही थेट काम केले नाही. क्यूईएमयूमध्ये मूळ प्रतिमेला पाया मानून तिच्यावर क्यूकाऊ२ प्रकारची एक वरची थर-फाइल उभारता येते. वाचायचे ते पायातून वाचले जाते, लिहिलेले सारे वरच्या थरात जाते. प्रयोग फसला तर थर पुसून टाकायचा आणि नवा घ्यायचा. पाया बदलला तर वरचा थर निरर्थक होतो, म्हणून पायाच्या फाइलीची लिहिण्याची परवानगी काढून घेतली.

विंडोज उठवताना लागलेल्या गोष्टी

डिस्कवर जुन्या पद्धतीचे पार्टिशन टेबल होते, म्हणून व्हर्च्युअल मशीनला यूईएफआय ही संगणक सुरू करण्याची नवी पद्धत न देता जुना बायोस दिला. पहिल्या मांडणीत डिस्क आयडीई या जुन्या जोडणीवर दाखवली होती. विंडोजचा लोगो उमटता उमटता निळा पडदा आला आणि स्टॉप कोड ७बी दिसला. या कोडचा अर्थ असा की कर्नल चढला, परंतु ज्या डिस्कवरून तो आला ती डिस्क त्याला स्वतःच्या ड्रायव्हरने सापडत नाही. विंडोज ७ बसवताना ज्या कंट्रोलरवर, म्हणजे डिस्क जोडणाऱ्या चिपवर, असते, सुरुवातीच्या टप्प्यात त्याचाच ड्रायव्हर सज्ज ठेवते आणि बाकीचे झोपवते. जुन्या बोर्डच्या बायोसमध्ये साटा जोडणी एएचसीआय या नव्या पद्धतीवर होती. डिस्क एएचसीआय कंट्रोलरवर लावताच विंडोज उठली, कारण तिचा स्वतःचा एएचसीआय ड्रायव्हर कंट्रोलरची कंपनी पाहत नाही, त्याचा वर्ग पाहतो. वेगासाठी विरशिओ, म्हणजे खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेल्या प्रकारची, डिस्क द्यावी असा सल्ला सर्वत्र दिसतो आणि नव्याने बसवलेल्या गेस्टसाठी तो योग्यही आहे. मात्र दुसऱ्या यंत्रावरून उचलून आणलेल्या विंडोजला पहिल्याच वेळी विरशिओ दिली तर तोच ७बी पुन्हा भेटतो.

अपेक्षेप्रमाणे चेकडिस्क चालली, थराच्या फाइलीत चार दुरुस्त्या लिहून थांबली, आणि मग बराच वेळ विंडोज नवे हार्डवेअर ओळखत बसली.

डाँगलसाठी एक बारकावा आवश्यक ठरला. आजकालच्या व्हर्च्युअल मशीनला सहसा यूएसबी ३ चा कंट्रोलर दिला जातो. विंडोज ७ जवळ यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नाही. त्या कंट्रोलरला जोडलेले डाँगल होस्टला दिसते, गेस्टच्या यादीत दिसत नाही, आणि मग डाँगलच खराब झाले असा निष्कर्ष काढला जातो. यूएसबी २ चा कंट्रोलर, त्याच्या सोबतच्या यूएसबी १.१ च्या जोडीसह, दिल्यावर डाँगल आत पोहोचले आणि फाँटांचे सॉफ्टवेअर उघडले. पडद्यावर जुन्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठानंतरचे पहिले पान शिरोरेघेसह जसेच्या तसे उमटले तेव्हा मालक काही क्षण बोलले नाहीत. त्या अंकाचे संपादक आज हयात नाहीत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. विंडोज ७ प्रोफेशनल दोनपेक्षा अधिक प्रोसेसर-सॉकेट वापरत नाही, म्हणून सॉकेट एक आणि कोअर दोन असे स्पष्ट लिहिले. ३२ बिटच्या विंडोजला चार जीबीच्या पुढची मेमरी दिसत नाही. दोन जीबी पुरली. विंडोज यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेवर आहे असे धरते आणि क्यूईएमयू ते जागतिक वेळेवर ठेवते, त्यामुळे आतील घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. नुकत्याच जतन केलेल्या फाइलीवर साडेपाच तास आधीची वेळ पडल्याने कोणते प्रूफ नवे हेच कळेनासे होऊ नये, म्हणून ही सेटिंग आधीच बदलली. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला आहे, त्यामुळे तिला इंटरनेट दिलेच नाही. होस्ट आणि गेस्ट यांच्यापुरते बंदिस्त जाळे केले आणि त्यावरून एक सामायिक फोल्डर दिले. विंडोज ७ ला सांबाचे, म्हणजे लिनक्सवरून फोल्डर सामायिक करणाऱ्या सॉफ्टवेअरचे, आजचे नियम चालतात. एक्सपी असती तर जुना, असुरक्षित प्रोटोकॉल उघडावा लागला असता.

परवान्याचा प्रश्न टाळता येत नाही. हार्डवेअर बदलल्यामुळे विंडोज पुन्हा सक्रिय करण्याची मागणी करते. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्या मदरबोर्डशी बांधलेला असतो आणि तो व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवता येत नाही. मुद्रणालयाकडे वेगळा विकत घेतलेला किरकोळ विक्रीचा (रिटेल) परवाना, पावतीसह, होता, म्हणून पुढे जाता आले. तो नसता तर तांत्रिक यश मिळूनही आम्ही येथेच थांबलो असतो.

साताऱ्यात काय घडले

आता फिरत्या ड्राइव्हचा भाग. मालकांनी नवी १ टीबीची बाह्य एसएसडी आणली. पहिली मांडणी त्यांच्या मूळ कल्पनेला धरून होती: दुरुस्त झालेली विंडोज पूर्ण डिस्कच्या रूपात एसएसडीवर उतरवली आणि व्हर्च्युअल मशीनला एसएसडी हे उपकरणच थेट दिले. पुण्याच्या होस्टवर काळजी घेतलेली होती. उपकरणाचे नाव क्रमाने बदलणाऱ्या अक्षरावर न ठेवता अनुक्रमांकावरून तयार होणाऱ्या स्थिर नावावर ठेवले. वापरकर्त्याला सगळ्या डिस्कांवर अधिकार देणाऱ्या गटात न टाकता फक्त या एका अनुक्रमांकाच्या उपकरणापुरता अधिकार दिला. आणि हा अधिकार देणाऱ्या युडेव्ह नियमातच (उपकरण जोडल्यावर काय करायचे हे लिनक्सला सांगणारी नोंद) डेस्कटॉपने ही डिस्क माउंट करू नये असेही लिहिले. पुण्यात सर्व सुरळीत चालले. एसएसडीमुळे वेग तर जुन्या संगणकापेक्षा चांगला होता.

साताऱ्याच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनची मांडणी नेली होती, युडेव्ह नियम पोहोचला नव्हता. ताईंनी एसएसडी जोडली, तेव्हा डेस्कटॉपने नेहमीच्या तत्परतेने तिचे एनटीएफएस पार्टिशन माउंट करून फाइलींची खिडकी उघडली. त्यांनी व्हर्च्युअल मशीनही सुरू केली. ती विनातक्रार सुरू झाली. काम करता करता लेखकाकडून आलेली दुरुस्त चित्रे त्यांनी समोरच उघड्या असलेल्या त्या खिडकीत टाकली, कारण फोल्डरचे नाव ओळखीचे होते आणि तेथे टाकल्यावर चित्रे आत दिसतील असे वाटणे अगदी स्वाभाविक होते. चित्रे आत दिसली नाहीत. संध्याकाळी विंडोज बंद करून पुन्हा सुरू केल्यावर चेकडिस्क चालली आणि त्या दिवशीच्या दोन फाइली नावापुरत्या उरल्या.

कारण असे. फाइल सिस्टिम चालवणारी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम मोकळ्या जागेचा नकाशा आपल्या मेमरीत धरून असते आणि आपल्याशिवाय दुसरे कोणी लिहीत नाही असे गृहीत धरते. एकाच रोजकीर्दीत दोन कारकुनांनी एकमेकांना न विचारता, आपापल्या आठवणीतल्या शिलकेवरून नोंदी कराव्यात तसे येथे झाले: लिनक्सने मोकळी समजून जी जागा चित्रांना दिली, तीच जागा आतील विंडोज पानांना देत होती. क्यूईएमयू स्वतः उघडलेल्या डिस्कवर कुलूप लावते, परंतु ते कुलूप दुसऱ्या क्यूईएमयूसाठी असते. होस्टचा कर्नल माउंट करताना ते पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी काम पुन्हा करावे लागले, त्यापलीकडे हानी झाली नाही, कारण पुण्यातील पाया-प्रतिमा अस्पर्श होती. ताईंचा यात दोष नाही, आणि केवळ राहून गेलेला युडेव्ह नियम पोहोचवून हे प्रकरण मिटवणे मला योग्य वाटले नाही. थेट डिस्क देण्याच्या मांडणीतील सगळी राखण होस्टमध्ये राहते आणि ड्राइव्ह मात्र होस्ट सोडून जाते. तिसऱ्या संगणकाला ती जोडली की राखण पुन्हा शून्य. जी वस्तू मुळात फिरण्यासाठी केली आहे, तिचे संरक्षण तिच्याबरोबर फिरले पाहिजे.

एकाच भौतिक डिस्कवरून कधी खऱ्या संगणकावर आणि कधी व्हर्च्युअल मशीनमध्ये तीच ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असेल तर थेट डिस्क देण्यावाचून इलाज नसतो. बाह्य एसएसडीवर बसवलेल्या लिनक्सच्या बाबतीत अशी गरज खरोखर पडते, आणि तेथे इनिट्रॅमएफएसमध्ये, म्हणजे सुरू होताना प्रथम चढणाऱ्या लहान संचात, केवळ त्या यंत्रापुरते ड्रायव्हर न ठेवता सर्वसाधारण संच ठेवला की दोन्हीकडे ती उठते. येथे तशी गरज कुठे होती? जुना बोर्ड मेलेला, आणि विंडोज ७ यूएसबीवरून प्रत्यक्षात सुरू होणार नाही हे ठरलेले. थेट डिस्कचा धोका आम्ही घेत होतो, त्याचा फायदा मात्र या प्रकरणात अस्तित्वातच नव्हता.

बदललेली मांडणी

एसएसडी पुसून तिच्यावर एक्स्ट४ ही लिनक्सची एकच फाइल सिस्टिम केली. दोन्ही होस्ट लिनक्सचे असल्यामुळे ही निवड सोपी होती; एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेले लेखन सावरणारी नोंदवही) नाही आणि फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. विंडोजचे मुख्य पार्टिशन आतूनच लहान केले, मोकळी जागा शून्यांनी भरली आणि प्रतिमा नव्याने रूपांतरित केली, तेव्हा ५०० जीबीचा तो पसारा एका आटोपशीर फाइलीत आला. ही फाइल पाया. तिच्यावर एक्स्ट४ चे 'अपरिवर्तनीय' हे लक्षण लावले. हे लक्षण फाइल सिस्टिममध्येच नोंदले जाते, म्हणून ड्राइव्ह कोणत्याही लिनक्स संगणकाला जोडली तरी ते सोबत असते. रोजचे काम वरच्या क्यूकाऊ२ थरात होते. थरामध्ये पायाचा पत्ता पूर्ण मार्गाने न लिहिता सापेक्ष लिहिला, त्यामुळे ड्राइव्ह पुण्यात एका ठिकाणी आणि साताऱ्यात दुसऱ्या ठिकाणी माउंट झाली तरी थराला पाया सापडतो.

आता डेस्कटॉपने ड्राइव्ह आपोआप माउंट करणे हा अपघात राहिला नाही. तेच हवे आहे. होस्टला फक्त दोन मोठ्या फाइली दिसतात. त्यांच्या आत चित्रे टाकण्याचा मार्गच समोर येत नाही. चित्रांसाठी शेजारी 'देवघेव' नावाचे फोल्डर ठेवले, तेच बंदिस्त जाळ्यावरून विंडोजच्या आत दिसते.

व्हर्च्युअल मशीन सुरू करणारी स्क्रिप्टही ड्राइव्हवरच ठेवली. तिच्यात यंत्राचा प्रकार आवृत्तीसह, यंत्राची ओळख-संख्या, नेटवर्क कार्डाचा पत्ता आणि प्रोसेसरचे एक जुने प्रारूप, जे पुण्याचा इंटेल आणि साताऱ्याचा एएमडी दोघेही पुरवू शकतात, हे सर्व ठरवून लिहिले आहे. तसे केले नाही तर दोन ठिकाणच्या क्यूईएमयूच्या वेगवेगळ्या आवृत्त्या विंडोजला थोडे थोडे वेगळे यंत्र दाखवतात, ती प्रत्येक प्रवासानंतर हार्डवेअर नव्याने ओळखत बसते आणि सक्रियतेची मागणी पुन्हा वर येऊ शकते. स्क्रिप्ट चालू असेपर्यंत होस्टला निद्रावस्थेत जाण्यास आणि झाकण मिटल्यावर झोपण्यास ती मनाई करते. लॅपटॉप झोपला की यूएसबीची वीज जाऊ शकते; जागे झाल्यावर ड्राइव्ह नव्या नावाने परत येते, आणि चालू असलेल्या व्हर्च्युअल मशीनच्या हातात जुने, मेलेले उपकरण उरते. वाचन किंवा लेखन चुकल्यास यंत्र तेथेच थांबावे अशी सेटिंग दिली आहे, म्हणजे विंडोज चुकांवर चुका रचत जात नाही; पण केबल निसटल्यावर ते थांबलेले यंत्र पुन्हा चालू करता येत नाही, बंदच करावे लागते. डेटा ताबडतोब लिहिला गेला असे खोटे सांगणारी वेगवान कॅशची पद्धत येथे अजिबात वापरलेली नाही. जतन होण्यास अर्धा सेकंद अधिक लागला तरी चालेल.

एक नियम मात्र स्क्रिप्टमध्ये बसवता आला नाही आणि तो माणसांनीच पाळायचा आहे: एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना विंडोज पूर्ण बंद करायची, तिची स्थिती गोठवून ठेवायची नाही. गोठवलेल्या मेमरीत जुना नकाशा असतो. मधल्या काळात डिस्कवर काम होऊन मग ती मेमरी परत उठवली, तर साताऱ्यातला प्रसंग एकाच गेस्टच्या दोन काळांमध्ये घडतो. पुणे आणि सातारा यांत ड्राइव्ह एकच असल्यामुळे दोन ठिकाणी एकाच वेळी काम होण्याचा प्रश्न येत नाही, आणि कोणी थराची प्रत काढून समांतर काम करू नये असे दोघांनी मान्य केले आहे. पायाची एक प्रत मुद्रणालयात आणि एक मालकांच्या घरी आहे. आठवड्याला फक्त थराची प्रत घेतली जाते, आणि ती विंडोज बंद असतानाच.

पुस्तकाची नवी आवृत्ती या मांडणीतून छापली गेली. दिवाळी अंकाची स्थायी सदरे नव्या अंकात आली. आता उरलेला कच्चा दुवा डाँगल हा आहे. डिस्कची प्रत काढता आली तशी डाँगलची काढता येत नाही, आणि ते एकच आहे. एसएसडीच्या पिशवीत तेही पुण्याहून साताऱ्याला जाते. ते निकामी झाले तर पाया, थर, स्क्रिप्ट सगळे जागेवर असूनही पाने उघडणार नाहीत. म्हणून ताईंनी रोजच्या कामानंतर एकेका पुस्तकाचा मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये बदलण्यास सुरुवात केली आहे. बदलताना रफार आणि जोडाक्षरे हमखास जागा सोडतात, त्यामुळे प्रत्येक पान मूळ पानाच्या पीडीएफशी ताडून वाचावे लागते. ज्या लेखकांच्या पुस्तकांची दुसरी छापील प्रतही हाताशी नाही, ती पुस्तके त्यांनी आधी घेतली आहेत.